कोमट दुधाची डिग्री

दरवर्षी अकरावीच्या वर्गात द्रवांचं प्रसरण शिकवायची वेळ आली की माझं डोकं सणकतं. पोरं बिचारी वह्या उघडून बसलेली असतात. मी फळ्यावर लिहिते: तापमान वाढलं की द्रव पसरतो, वस्तुमान तेवढंच राहतं, आकारमान वाढतं, म्हणून घनता कमी होते. दोन ओळींचा मामला, परीक्षेत दोन मार्कांना येतो. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, याचा उपयोग काय?" आणि मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो. त्याचा दोष नसतो. त्याच्या वयात मीही तो धडा दोन मार्कांपुरताच वाचला होता आणि ते दोन्ही मार्क घेतले होते.

अकोल्याला जठारपेठेत राहायला येऊन मला आता पुष्कळ वर्षं झाली. त्याआधीची ही गोष्ट. माझं माहेर मोझरीच्या अलीकडे, हायवेपासून दोन-अडीच किलोमीटर आत. अमरावतीला बी.एस्सी. करून मी घरी येऊन बसले होते. स्थळं पाहणं चाललं होतं, नोकरी कुठे दिसत नव्हती, आणि गावात मात्र मी भाव खाऊन होते, कारण गावात फिजिक्स घेऊन पास झालेली मी एकटीच. त्याच वर्षी एका खाजगी डेअरीनं आमच्या गावात दूध गोळा करायचं केंद्र काढलं. समाजमंदिराचा ओटा मिळाला. दूध तपासायला शिकलेलं माणूस पाहिजे होतं. भाऊ मला म्हणाला, "बसून काय करतं? कर न." मी केलं.

डेअरीचा सुपरवायझर बडनेऱ्याहून मोटारसायकलवर यायचा. त्यानं मला एक लाकडी डबी दिली. आत मखमलीच्या दोन खाचा. एका खाचेत दूध मोजायची काच होती, म्हणजे तो लॅक्टोमीटर, खाली फुगीर आणि वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. दुसऱ्या खाचेत थर्मामीटर असायला पाहिजे होता. तो नव्हता. "फुटला असंन," सुपरवायझर म्हणाला, "त्याचं काही काम नाही." काम सोपं होतं. लांब नळकांड्यात दूध घ्यायचं, काच सोडायची, ती जिथवर बुडेल तो आकडा वाचायचा. दूध जड असेल तर काच वर तरंगते, आकडा मोठा येतो. पाणी घातलेलं असेल तर दूध हलकं, काच खाली जाते, आकडा लहान. म्हशीच्या दुधाला अठ्ठावीस डिग्री लागलीच पाहिजे. त्याखाली आलं की दूध परत. लागोपाठ तीन दिवस खाली आलं की ओट्याच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर नाव लिहायचं आणि आठ दिवस त्या घरचं दूध घ्यायचं नाही. या केंद्राला दुसरं कसलं मशीन नव्हतं. गावानं या सगळ्याला नुसतं 'काच' नाव ठेवलं.

आता माझी अक्कल ऐका. आमचा गोठा समाजमंदिराला लागून, मध्ये एक भिंत. घरात दोन म्हशी होत्या. त्यांचं सगळं वहिनी पाहायची, चारा, शेण, धारा, सगळं. भावाला म्हशीच्या जवळ जायचासुद्धा कंटाळा. मी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, की आधी माझ्या घरचं दूध तपासणार, सगळ्यांसमोर, मग बाकीच्यांचं. म्हणजे कोणी म्हणायला नको, की नणंद तपासते आणि भावजयीचं पास करते. लोकांनी माना डोलावल्या. सुपरवायझरनं शाबासकी दिली. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू.

झालं असं, की वहिनी धार काढून उठायची आणि दोन मिनिटांत ओट्यावर हजर. चरवीवर फेस तसाच असायचा, हात लावला तर दूध अंगाइतकं ऊन. बाकीची माणसं वस्तीवरून, शेजारच्या खेड्यातून यायची. कोणी सायकलवर, कोणी पायी, कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं. त्यांचं दूध येईस्तोवर तास-दीड तास उलटलेला असायचा. थंडीत वहिनीचं दूध काठावर का होईना, पास होत गेलं. हवाच अशी गार, की नळकांड्यात ओतेओतेस्तोवर दूध निवायचं. चैत्र लागला, सकाळीच ऊन चटके द्यायला लागलं, आणि वहिनीच्या दुधात काच खाली गेली. सव्वीस.

मी पुन्हा पाहिलं. सव्वीसच. ओट्यावर दहा-बारा माणसं उभी. मी मोठ्यानं म्हणाले, "सव्वीस." वहिनी हसली. तिला वाटलं, मी गंमत करते.

"ताई, आत्ता काढलं न. फेस पाहा त्याचा."

"फेसानं काय होते वहिनी? काच सव्वीस दाखवते."

ती चरवी उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी साडेसव्वीस. ओट्यावर कुजबुज सुरू झाली. एक चाचा होते, पलीकडच्या खेड्यातून दूध आणायचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या म्हशी, हलवायांना दूध पुरवण्यात आयुष्य गेलेलं. ते पुढे झाले, बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हे त ताजं हाय. ताजं दूध हलकं असते. जरा ठंडा होऊ दे, मंग काच सोड." मला राग आला. मी बी.एस्सी. आणि हे मला शिकवणार! मी म्हणाले, "चाचा, काच कोणाचं तोंड पाहून आकडा सांगत नाही." ते बोट कॅनच्या ओल्या पोत्याला पुसून मागे सरकले. त्यांनी परत कधी तो विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं ओट्यावर यायच्या आधी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली. भिंतीपलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू आली. "मह्या जनावराची शपथ, एक थेंब नाही टाकला." मग ती आली, तिनं दूध नळकांड्यात स्वतः ओतलं, आणि माझ्याकडे पाहत राहिली. सव्वीस. सुपरवायझर नेमका त्या दिवशी आलेला. त्यानं खडू माझ्या हातात दिला.

मी फळ्यावर माझ्या सख्ख्या भावाच्या बायकोचं नाव लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. शेजारी एक शब्द लिहायची पद्धत होती: पाणी. तोही लिहिला. कोणीतरी म्हणालं, "मानलं बाप्पा पोरीले, घरचं बी नाही सोडलं." आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं. माझ्या आयुष्यात मी केलेल्या नीचपणाची यादी केली, तर ते बरं वाटणं मी सगळ्यात वर लिहीन.

घरी भावानं तिला फाडून खाल्लं. तो काही वाईट माणूस नाही, पण त्याचा माझ्या पुस्तकांवर भारी विश्वास. "मह्या बहिणीनं फिजिक्स केलं. ते काय खोटं सांगंन?" तो ओरडला. वहिनी चुलीपुढे बसून भाकरी थापत राहिली. तिच्या माहेराला लोकांनी नावं ठेवली, त्या गावचे असेच म्हणून. नळावर बायका तिला जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिच्याकडे पैसा-अडका, शिक्षण, काही नव्हतं. होतं ते एवढंच, की तिच्या हातचं दूध चोख असतं असं गाव म्हणायचं. आठ दिवस फळा सगळ्या गावानं वाचला.

नवव्या दिवशी तिनं पुन्हा दूध आणलं आणि पुन्हा साडेसव्वीस आलं. मी परत पाठवलं. त्या दिवशी गर्दी होती, दुसऱ्याच्या दुधासाठी मला दुसरं नळकांडं घ्यावं लागलं. वहिनीच्या दुधाचं नळकांडं मी उचलून माठाशेजारी सावलीत ठेवलं, आणि विसरले. साडेनऊला सगळं आटोपल्यावर ते धुवायला घेतलं. दूध ओतून टाकणार, तोच काय वाटलं कुणास ठाऊक, ते नीट हलवलं आणि त्यात काच सोडली.

तीस.

तेच दूध. तेच नळकांडं, तीच काच. मधल्या तीन तासांत त्यातून कोणी पाणी काढून नेलं होतं का? मी नळकांड्याला हात लावला. गार. आणि मला कॉलेज आठवलं. अमरावतीच्या कॉलेजात घनतेचं प्रॅक्टिकल होतं. सर घसा फोडून सांगायचे, आकड्यासोबत तापमान लिहा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही. आम्ही सगळ्या पोरी जर्नलमध्ये 'खोलीचे तापमान २७' असं थर्मामीटरकडे न पाहताच लिहायचो. मे महिन्यातसुद्धा सत्तावीस! आणि काचेच्या दांडीवर बारीक अक्षरात सत्तावीसच छापलेलं होतं. किती तापमानाच्या दुधात ही काच खरं बोलते, ते तिथेच लिहिलेलं होतं. मी ते रोज पाहायची आणि मला वाटायचं, कंपनीचा काहीतरी नंबर असेल.

ऊन दूध पसरतं. तितकंच दूध जास्त जागा घेतं, म्हणून नळकांडंभर दूध हलकं भरतं, आणि काच खोल जाते. पाणी घातलं तरी हलकं, तापलेलं असलं तरी हलकं. काचेला फक्त हलकं कळतं. का हलकं, हे विचारायला तिच्यामागे एक डोकं लागतं, आणि तिथे माझं होतं. सगळ्यात ताजं, सगळ्यात जवळून आलेलं दूध मी सगळ्यात आधी तपासत होते. आणि बाकीच्यांचं निवलेलं दूध वरचा आकडा घेऊन सुखानं पास होत होतं. त्यात कोणी तांब्याभर पाणी घातलं असतं, तरी खपलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मी धावत जाऊन वहिनीच्या पायावर डोकं ठेवलं असेल. फळा पुसून चारचौघांत सांगितलं असेल. छे! मी नळकांडं धुतलं, पालथं घातलं आणि घरी जाऊन जेवले. दुपारभर पंख्याखाली पडून विचार केला. सांगितलं तर लोक म्हणणार, पाहा, शेवटी घरच्यांसाठी नियम काढलाच. सुपरवायझर म्हणणार, हिला काच वाचता येत नाही. अकोल्याहून स्थळ येऊ घातलं होतं, त्यांच्या कानावर जाणार. चाचांसमोर खाली पाहावं लागणार. एवढा सगळा विचार मी केला. वहिनी नळावर एकटी उभी राहते, याचा विचार शेवटी आला, आणि तोवर मला झोप लागली.

संध्याकाळी मी तिला म्हणाले, "वहिनी, वरून नवीन नियम आला. तुमचं दूध आता सगळ्यांच्या शेवटी आणत जा. न् चरवी तोवर हौदात ठेवत जा, गार होऊ द्या."

"काहून?"

"नियम आहे."

तिनं माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचं दूध शेवटी आलं, गारेगार. एकतीस. मी मोठ्यानं वाचलं, मुद्दाम. वाटलं, आता मिटलं, आता सगळ्यांना कळेल. सगळ्यांना कळलंच, पण भलतंच. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "पकडली गेली त बंद केलं पाय पानी टाकनं." सगळे हसले. तीन दिवस एकतीस, साडेतीस, एकतीस. सुपरवायझरनं फळ्यावरचं नाव पुसायला लावलं आणि मला म्हणाला, "पाहा, धाक बसला." भाऊ घरात म्हणाला, "आता कसं नीट आनतं? तवा काय झालतं तुले?" तिचं दूध जितकं चांगलं लागत गेलं, तितकी ती आधी चोर होती हे पक्कं होत गेलं. मी रोज तिच्या नावापुढे वहीत 'ठीक' लिहायची. दीड वर्ष लिहिलं. मग माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला आले. काच दुसऱ्या कोणाच्या हातात गेली. पुढे केंद्रही बंद पडलं.

लग्नानंतर मी एम.एस्सी. केलं, नोकरी लागली, आणि हा धडा दरवर्षी माझ्या वाट्याला यायला लागला. माहेरी जायची तेव्हा वहिनी नीट वागायची. पुरणाची पोळी करायची, निघताना ओटी भरायची. टाकून बोलली असती, तर बरं झालं असतं. मी प्रत्येक वेळी ठरवून जायची, की यंदा सांगायचं, आणि प्रत्येक वेळी एसटीत बसून परत यायची.

या मे महिन्यात मात्र गेले ते सांगूनच टाकायचं म्हणून. म्हशी आता नाहीत, गोठ्यात भावाची मोटारसायकल उभी असते. वहिनीचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात. भाऊ बाहेर गेला होता. ती कांदे निवडत बसली होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं. काच, ऊन दूध, सावलीत राहिलेलं नळकांडं, सगळं. म्हणाले, "वहिनी, तुम्ही पाणी घातलं नव्हतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही."

तिचा हात थांबला नाही. एक सडका कांदा बाजूला टाकून म्हणाली, "मालूम हाये मले."

"काय मालूम आहे?"

"तुमी गार करून आनाले सांगतलं न, तवाच समजलं. दुसऱ्या दिवशी दूध पास झालं. मी काय भैताड आहो काय, ताई? दूध तेच, म्हैस तेच, फकत गार केलं. म्हटलं, म्हंजे ताईले समजलं. आता ताई ओट्यावर सांगतीन." तिनं आणखी एक कांदा उचलला. "मी वाट पायली. रोज दूध घेऊन याची न् तुमच्या तोंडाकडे पायची. म्हटलं आज सांगतीन. एक मयना पायली."

 मी विचारलं, "मग?"

"मंग टाकाले लागली."

"काय?"

"पानी. रोज एक तांब्या. चोर त झालीच होती मी, फुकट कायले ऱ्हाऊ? हौदात चरवी गार कराची, न् तांब्याभर टाकाचं. तुमची काच काही बोलली नाही. दीड वर्ष तुमीच तुमच्या हातानं लिहून रायल्या, ठीक, ठीक." ती हे रागानंही बोलत नव्हती, ते मला जास्त लागलं. "आधी आधी लय रडली मी टाकताना. मंग सवय झाली."

मी रडायला लागले. म्हणाले, "मी सांगते सगळ्यांना. आज दादाला सांगते, गावाला सांगते, तुमची काही चूक नव्हती म्हणून."

"सांगा न," वहिनी म्हणाली. "पन पुरं सांगजा. तवा नव्हती टाकत, मंग टाकत होती. अर्धं नका सांगू." मग पहिल्यांदा तिनं मान वर केली. "तुमच्या भावाले वाटते, आधी बायको चोर होती न् मंग सुधरली. तुमी सांगसान, आधी चांगली होती न् मंग चोर झाली. मले दोन्हीतलं कोनतं चालंन, ते तुमीच पाहा, तुमी शिकेल आहा."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. भाऊ घाम पुसत आत आला, पाण्याचा गडवा तोंडाला लावला, आणि माझे डोळे पाहून म्हणाला, "काय झालं वं? काहून रडतं?"

वहिनी माझ्याकडे पाहत होती, त्या एका महिन्यात रोज पाहायची तशीच. मी पदरानं डोळे पुसले.

"काही नाही," मी म्हणाले. "कांदे तिखट आहेत."